भुलीत ऐकलेलं वाक्य

"घरात कुणाला कधी भुलीचा त्रास झालाय का?"

भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा टाचणीने समोरच्या फॉर्मवरून नजरही न उचलता "नाही" म्हणून सांगून टाकलं.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सोफे आणि खुर्च्या उसवून त्यांचं कापड, स्पंज, स्प्रिंगा बदलून द्यायचा तिचा छोटासा कारखाना होता. काम करताना ओठांत टाचण्या धरायच्या आणि तशातच गिऱ्हाइकाशी बोलायचं, या सवयीमुळे हे नाव पडलं आणि मग तेच राहिलं. वय बेचाळीस. पित्ताशयात खडे झाले होते, ते काढायला आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली होती, आणि त्याआधीची ही तपासणी होती. सोबतीला सत्तरीची आई आली होती. ती पिशवी मांडीवर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"मला झाला होता की," आई म्हणाली.

"आई, ती गोष्ट नको आता," टाचणी हसली आणि डॉक्टरांकडे वळली. "तिला एकदा भुलीत स्वप्न पडलं होतं. आमच्या घरातली जुनी गंमत आहे."

गंमत होती हे खरंच. कुणी दुपारी सोफ्यावर लवंडलं की टाचणीचा दादा हमखास म्हणायचा, "हळू बोला रे, आईसारखं झोपेत सगळं ऐकू येत असेल!" आईसुद्धा आताशा त्यावर काही बोलत नसे.

डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. उंच, पन्नाशीच्या बाई. पेन कानामागे खोचायची त्यांना सवय होती. त्यांनी खुर्ची टाचणीसमोरून सरकवली ती थेट आईसमोर नेली.

"सांगा बरं मला. पहिल्यापासून."

आईने एकदा लेकीकडे पाहिलं, मग पिशवीचे बंद सारखे केले.

"ही झाली तेव्हाची गोष्ट. सिझेरियन होतं. पोट फाडलेलं मला नाही कळलं, खोटं कशाला सांगू. पण नंतर जाग आली. अर्धवट नाही, चांगली लख्ख जाग. कुणीतरी हत्यारं ट्रेमध्ये टाकत होतं, त्याचा खणखणाट. म्हटलं डोळे उघडू. उघडेनात. बोट हलवावं म्हटलं तर बोट कुठे आहे तेच सापडेना. श्वाससुद्धा माझा मी घेत नव्हते. कुणीतरी तो आत ढकलत होतं."

डॉक्टरांनी कानामागचं पेन काढलं. "किती वेळ?"

"भिंतीवर ठोक्यांचं घड्याळ होतं. अकरा ऐकले, बारा ऐकले. असं करत चार वाजले, तेव्हा कुठे करंगळी हलली."

"डोळ्यांतून पाणी आलं होतं का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न आईला कुणी विचारला नव्हता.

"आलं होतं. कुणीतरी कापसाने टिपलं. एक जण म्हणाला, भुलीत येतं असं."

"आणखी काय ऐकलंत?"

"डॉक्टरांच्या चष्म्याची काडी मोडली होती, चिकटपट्टी मागत होते. कुणाला तरी नवे बूट चावत होते, ती सारखी कुरकुरत होती. आणि इतर बोलणं." एवढं म्हणून आई थांबली. इतर म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनीही खोदून विचारलं नाही.

"घरी काय म्हणाले?"

"स्वप्न, म्हणाले. हिचे बाबासुद्धा."

डॉक्टरांनी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. लिहिता लिहिता सांगत होत्या, "भूल देताना आम्ही दोन वेगवेगळी कामं करतो. एक, माणसाला झोपवायचं. दुसरं, त्याचे स्नायू सैल करायचे, म्हणजे घशात श्वासाची नळी नीट बसते. स्नायू सैल करणारं एक जुनं औषध आहे. चार-पाच मिनिटांत त्याचा असर जातो, कारण रक्तातलं एक प्रथिन त्याचे तुकडे करून टाकतं. पण काही हजारांत एखादा माणूस असा निघतो, की त्याच्याकडचं ते प्रथिन जन्मापासूनच कामाचं नसतं. मग झोपेचा गॅस बंद केला की झोप वेळेवर उडते, आणि अंग मात्र तासन्‌तास उठत नाही."

"म्हणजे माणूस जागा असतो?" टाचणीने विचारलं.

"आजूबाजूच्यांच्या लक्षात आलं नाही तर असू शकतो. मलाही पुस्तकातच भेटलेत असे लोक." त्या आईकडे बघून म्हणाल्या, "समोर बसलेलं माणूस आज पहिल्यांदा पाहतेय, बहुतेक. बहुतेक म्हणते हं. रक्त तपासल्याशिवाय काही खरं नाही."

टाचणीच्या ऑपरेशनला अडचण नव्हती. ते एक औषध वगळून भूल देता येत होती. तरीही डॉक्टरांनी दोघींच्या दंडाला रबरी पट्टी बांधून दोन-दोन बाटल्या रक्त घेतलं. "एका बाटलीत ते प्रथिन किती काम करतं ते मोजू. दुसरीतून तुमची जनुकं वाचू. औषधांशी संबंध असलेली बरीच जनुकं एकदमच वाचली जातात, तेव्हा आणखीही काही कळेल."

घरी परतताना टाचणीला आईकडे सरळ बघवेना. आपण हसलो होतो. एकदा नाही, शेकडो वेळा. आई खिडकीबाहेर पाहत होती. मध्येच म्हणाली, "माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं तिला कसं गं कळलं?"

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. टाचणी शुद्धीवर आली तेव्हा आईने पहिला प्रश्न केला तो, "काही ऐकलंस?" टाचणीने काहीही ऐकलं नव्हतं. त्रास झाला तो नंतर, घरी. दुखण्यावर दिलेल्या गोळ्यांनी तिची पोटदुखी तसूभरही कमी होईना. दादा म्हणाला, "लहानपणीही तुला गोळी लागू पडत नव्हती आणि शाळा बुडत होती. नाटक सगळं." शेवटी गोळी बदलून घेतली तेव्हा तिला झोप लागली.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. ते समजावून सांगायला रुग्णालयात एक समुपदेशक होते. टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांच्या टेबलावर संगणक होता, पण ते बोलत होते एका मोठ्या कोऱ्या कागदाशी. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आणि मध्ये रेघा.

"प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात," ते म्हणाले. "एक आईकडून, एक वडिलांकडून. या प्रथिनाच्या जनुकात तुमच्या दोन्ही प्रतींमध्ये बदल आहे." त्यांनी आईचं वर्तुळ पेन्सिलीने पूर्ण काळं केलं. "रक्तातही ते प्रथिन जवळजवळ काहीच काम करत नाही."

आई पुढे वाकून त्या वर्तुळाकडे बघत राहिली. मग तिने प्रश्नांची सरबत्ती लावली. जनुक असतं कुठे, रक्तात? रक्तातही आणि गालाच्या आतसुद्धा, केसाच्या मुळाशीसुद्धा. मग ते झिजतं का? हे नाही झिजत, जन्मताना होतं तसंच आहे. म्हणजे बेचाळीस वर्षांपूर्वीही असंच होतं? असंच. मग तेव्हा कुणी पाहिलं का नाही?

"तेव्हा इतक्या सहज वाचता येत नव्हतं," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आणि विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही, हेही आहेच."

"माझ्या आई-वडिलांना तर काहीच नव्हतं."

"एकच प्रत बदललेली असली तर सहसा काही कळत नाही. दोघांकडे एकेक असणार. तुमच्या वाट्याला दोन्ही बदललेल्या आल्या." त्यांनी टाचणीचं वर्तुळ अर्धंच काळं केलं. "तुमच्या मुलांना तुमच्याकडून एक बदललेली प्रत मिळणारच. ह्यांची दुसरी, वडिलांकडची, चांगली आहे. म्हणून ह्यांना फारशी भीती नाही, पण भूलवाल्या डॉक्टरांना सांगून ठेवायचं."

"दादालाही?"

"तुमच्या भावालाही तपासणी न करता मी सांगतो, एक आहेच."

"बरं झालं," आई म्हणाली. "हसत होता फार."

समुपदेशकांनी टाचणीच्या रिपोर्टचं दुसरं पान काढलं. "हे वेगळंच आहे. एक वेदनाशामक गोळी असते, ती पोटात गेल्यावर यकृतात बदलते आणि मग दुखणं थांबवते. तुमच्या यकृतात तो बदल होतच नाही. ती गोळी तुम्हाला दिली काय आणि खडूचा तुकडा दिला काय, सारखंच."

"तीच दिली होती मला!" टाचणी जवळजवळ ओरडली. "म्हणजे मी नाटक करत नव्हते!"

असं म्हणताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आज या खोलीत आईने म्हणायचं होतं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "म्हणजे मी जागी होते. स्वप्न नव्हतं."

समुपदेशकांनी पेन्सिल खाली ठेवली. "मला खोटं आश्वासन द्यायचं नाही. तुम्ही जाग्या असाल, हे पूर्ण शक्य आहे, एवढं हा कागद सांगतो. तुम्ही काय ऐकलंत, ते कागदाला माहीत नाही. ते त्या खोलीतल्या माणसांनाच माहीत." मग ते पुन्हा कागदाकडे वळले. "आता तुमची भावंडं. प्रत्येकाला चारांत एक शक्यता आहे, तुमच्यासारखंच असण्याची. भाऊ?"

"नाही."

"बहीण?"

"होती."

"वारल्या?"

"नाही," आई म्हणाली.

समुपदेशकांनी आईकडे पाहिलं, आईने भिंतीवरच्या हात धुण्याच्या तक्त्याकडे. शेवटी ते हळूच म्हणाले, "त्यांना कळवायला हवं. उद्या त्यांचं कुठलं ऑपरेशन निघालं तर? मी पत्र लिहून देतो. पोचवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण पोचवा."

टाचणीला मावशी होती हे माहीत होतं, तेवढंच. दोन तासांवरच्या गावात राहते, नर्स होती, लग्न टिकलं नाही, मूल नाही. टाचणीच्या लग्नात ती मागच्या रांगेत बसून गेली होती. दोघी बहिणींचा अबोला का, हे विचारलं की आई कपडे वाळत घालायला निघून जायची.

पत्र आठ दिवस आईच्या पिशवीत राहिलं. मग एका सकाळी ती कारखान्यात आली. टाचणीने एक जुना सोफा पार सांगाड्यापर्यंत उसवून ठेवला होता. आई त्याच्या बिनगादीच्या पट्ट्यांवर टेकली.

"टाचण्या काढ तोंडातल्या," आई म्हणाली. "ऐक."

टाचणीने टाचण्या लोहचुंबकाला लावल्या.

"माझं ऑपरेशन ताईच्याच रुग्णालयात झालं. छोटं होतं, दहा-बारा खाटांचं. ताई तिथे नर्स होती, म्हणून तर मी तिथे गेले. मला सगळं ऐकू येत होतं ना, तेव्हा ताईचा आवाजही येत होता. अगदी जवळ, कानाशी. दोनाच्या ठोक्यानंतर ती म्हणाली, 'ही काही आता उठत नाही. नाही उठली तर पोरीला मी नेणार. माझी म्हणून वाढवणार.'"

शिलाईचं मशीन बंदच होतं, तरी टाचणीने त्याच्या बटणावर हात ठेवला.

"मी उठले," आई म्हणाली. "चौथ्या दिवशी ताई तुला अंघोळ घालत होती, तेव्हा मी विचारलं. ताई, तू असं म्हणालीस? तर पांढरीफटक पडली. म्हणाली, 'तू बेशुद्ध होतीस. भुलीत लोकांना काय काय भास होतात.' मी वाक्यच्या वाक्य म्हणून दाखवलं. तरी नाही. सगळ्यांनी तिचं ऐकलं. ती नर्स, तिला जास्त कळणार. तेव्हापासून मी तुला तिच्या हातात दिलं नाही."

"तुला भीती वाटत होती?"

"भीती नाही गं. मला असं झालं, की एक तर माझं डोकं फिरलंय, नाही तर माझी बहीण खोटारडी आहे. दोन्हीतलं एक निवडायचं होतं." आईने पिशवीतून पत्र काढलं. "तू जा. माझ्याच्याने तिथे पाय टाकवणार नाही."

मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडणारी बाई हुबेहूब आई, फक्त ताठ. डावा हात तिने पोटाशी धरला होता. टाचणीला बघून तिने नाव विचारलं नाही. "ये," म्हणाली, आणि आत जाऊन एकाच हाताने किटली गॅसवर ठेवली.

"तुम्ही बसा, मी करते," टाचणी म्हणाली.

"मावशीला कुणी तुम्ही म्हणतं का?"

टाचणी बसली. "हाताला काय झालंय?"

"खांदा झिजलाय. बदलायचाय. पुढच्या महिन्यात तारीख आहे."

टाचणीने लगेच पत्र आणि रिपोर्टची प्रत टेबलावर ठेवली. मावशीने चष्मा लावला. तिने आधी पत्र नाही वाचलं, रिपोर्ट वाचला. आकड्यांवरून बोट फिरवत, नर्सच्या नजरेने. एकदा वाचून झाल्यावर परत वर गेली. किटली शिट्टी घालायला लागली तेव्हा टाचणीनेच उठून गॅस बंद केला.

"हे तिचं?" मावशीने विचारलं.

"आईचं."

"म्हणजे ती..." मावशीने चष्मा काढला. "पाचही तास?"

"अकरा ते चार. घड्याळाचे ठोके मोजले म्हणते. डॉक्टरांच्या चष्म्याची काडी मोडलेली, चिकटपट्टी—"

"मीच लावून दिली," मावशी म्हणाली. "त्यांनी ती घरी जाईपर्यंत काढलीसुद्धा नाही. हे तिला कुणी सांगणंच शक्य नव्हतं."

तिने चष्म्याच्या काड्या मिटून ठेवल्या. टाचणीला वाटलं आता नाही म्हणेल. एवढी वर्षं म्हटलं, एकदा आणखी म्हणायला काय लागतं.

"बोलले मी ते," मावशी म्हणाली. "तिला जे ऐकू आलं ते शब्दन्‌शब्द खरं आहे. मला तेव्हाच कळलं होतं. चौथ्या दिवशी तिने ते म्हणून दाखवलं ना, माझ्या हातातून साबण पडला. बेशुद्ध माणसाला ऐकू येत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. मग हिला कसं आलं? आणि माझं दुसरं मूलही दोनच महिन्यांपूर्वी पोटातच गेलं होतं, ते घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. तू शेजारच्या पाळण्यात रडत होतीस. तोंडातून निघून गेलं. आणि नंतर, 'हो, म्हणाले' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? नाही म्हटलं. एकदा म्हटलं की मग ते धरूनच ठेवावं लागतं."

ज्या बाईने आपल्याला न्यायचं ठरवलं होतं, तिच्यासमोर ती बसली होती, आणि तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला एकच गोष्ट कळेना.

"पण तू तिच्या इतक्या जवळ काय करत होतीस? आई म्हणते, आवाज कानाशी होता."

मावशीने उजवा हात पुढे केला आणि मूठ हळूहळू मिटून उघडली.

"श्वास देत होते. तेव्हा आमच्याकडे मशीन कुठलं? रबरी फुगा असायचा, तो हाताने दाबायचा. डॉक्टरांना दुसरी बाळंतीण आली होती. त्यांनी सांगितलं, दाब, मी येतो. ते मध्ये मध्ये येऊन नाडी बघून जायचे. पाच तास मीच दाबला. दुसऱ्या कुणाला देववेना. तळव्याला फोड आले, फुटले, तरी—" ती थांबली. "ते तिला माहीत नाही ना?"

"नाही."

"सांगू नकोस. उगाच उपकार केल्यासारखं वाटेल."

टाचणीने मात्र सांगितलं. त्याच संध्याकाळी, आईच्या स्वयंपाकघरात, चप्पलही न काढता. आईने सगळं ऐकून घेतलं. "बोलले" या शब्दावर तिने डोळे मिटले. फुग्याचं ऐकलं तेव्हा ती उठली आणि विनाकारण नळ सुरू केला, बंद केला.

"मिनिटाला किती वेळा दाबतात गं तो?" तिने विचारलं.

ते टाचणीला माहीत नव्हतं.

मावशीचं रक्त तपासलं गेलं. तिचंही वर्तुळ पूर्ण काळं निघालं. तिचं ऑपरेशन त्याच रुग्णालयात, त्याच उंच डॉक्टरांनी भूल देऊन करायचं ठरलं. मावशीच्या मनगटावर लाल पट्टी बांधली आणि तिच्यावर त्या औषधाचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं. "आयुष्यभर हजारो लोकांच्या भुलीपाशी उभी राहिले," मावशी डॉक्टरांना म्हणाली, "आणि माझी स्वतःची पाळी आली तेव्हा हे."

सकाळी सात वाजता आई तिथे पोचली. येणार नाही म्हणाली होती. खाटेपाशी आली तेव्हा मावशी उठायला गेली, आईने तिला हातानेच बस म्हणून खुणावलं. टाचणी आणि डॉक्टर दाराशी उभ्या राहिल्या.

"मिनिटाला किती वेळा?" आईने विचारलं.

मावशीला लगेच कळलं. "बारा. चौदा."

"आणि मध्ये थांबली नाहीस?"

"एकदा. पोरीला दूध पाजायला. तेवढ्यापुरतं डॉक्टरांनी दाबलं."

"ते मला कळलं होतं," आई म्हणाली. "हात बदललेला. ते फार जोरात दाबत होते." मग तिचा आवाज चढला. "पण तू मला खोटं पाडलंस, ताई. मला वेडी ठरवलंस. मरणाची भीती वाटली ती पाच तास. त्यानंतर कुणी विश्वास ठेवला नाही, ते बेचाळीस वर्षं."

"हो," मावशी म्हणाली. "मी केलं ते."

"पोर गेलं होतं तुझं, तर मला सांगायचंस."

"तुझं पोट पुढे आलेलं. कसं सांगू?"

यावर दोघीही रडल्या नाहीत. आई खाटेच्या कडेला बसली आणि मावशीची लाल पट्टी फिरवून फिरवून वाचायला लागली. औषधाचं नाव तिला धड उच्चारता येईना. मावशीने ते दोनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा आईला जमलं.

ऑपरेशन दोन तास चाललं. भूल उतरायला लागल्यावर बारा मिनिटांत मावशीने डोळे उघडले आणि स्वतःचा रक्तदाब किती आहे ते विचारलं. उंच डॉक्टरांनी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा त्या स्वतःच इतक्या खूश होत्या, की टाचणीला वाटलं या आता टाळी देतात. त्यांनी जाता जाता आईला विचारलं, नर्सच्या शिकाऊ मुलींसमोर येऊन हे सगळं सांगाल का? आई म्हणाली, बघू. मग लगेच म्हणाली, कधी?

सहा आठवडे मावशीचा हात झोळीत राहणार होता आणि तिसऱ्या मजल्यावर एकटीने भागणार नव्हतं. टाचणीने आपल्याकडे चल म्हणून आग्रह केला. आईने दोघींना मध्येच तोडलं.

"माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. सहा आठवडे. त्याच्यापुढे एक दिवस नाही."

दादा गाडी घेऊन आला. त्याचाही रिपोर्ट आला होता, एक प्रत बदललेली, समुपदेशकांनी सांगितलं होतं तशीच. तो वाटभर तो कागद खिशात चाचपत होता आणि एकही विनोद करत नव्हता.

पहिल्या सोमवारी टाचणी कामावर जाता जाता आईकडे डोकावली. मागच्या खोलीतून आवाज येत होते. मावशी म्हणत होती, ब्लाउज चढवताना आधी झोळीचा हात घालायचा, मग मोकळा. आई म्हणत होती, चाळीस वर्षं मी पोरांना कपडे घातले आहेत, मला शिकवू नकोस. मग आईने काहीतरी हळू विचारलं, ते टाचणीला कळलं नाही. मावशीचं उत्तर लांबलचक होतं. त्यात एका अपुऱ्या दिवसांच्या मुलाचं नाव होतं, जे आजवर या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

टाचणीने दार लोटून घेतलं आणि ती कारखान्यात गेली.